राउटरला स्विच जोडल्यावर वायरवरचं नेट वारंवार जातं: तपासणीचा क्रम

घरच्या ब्रॉडबँड राउटरला मागे सहसा चारच लॅन पोर्ट असतात. टीव्ही, डेस्कटॉप, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि प्रिंटर लावले की ते संपतात. मग पाच किंवा आठ पोर्टांचा साधा नेटवर्क स्विच, म्हणजे राउटरच्या एका पोर्टाचे अनेक पोर्ट करून देणारा डबा, आणला जातो. त्याला ना सेटिंग असते ना पासवर्ड. अडॅप्टर लावायचा, केबल खोचायच्या, झालं. म्हणूनच तो रुसला की नेमकं कुठे बघायचं ते कळत नाही आणि बरेच जण थेट नवा स्विच घेऊन येतात. नव्यालाही तोच त्रास होतो, कारण दोष बहुधा स्विचमध्ये नसतोच. तो अडॅप्टरमध्ये असतो, केबलच्या टोकाला असतो, नाहीतर स्विच चुकीच्या जागी जोडलेला असतो.

खालचा क्रम फुकट तपासण्यांपासून सुरू होऊन खर्चाच्या तपासण्यांकडे जातो. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर नेट येतं, पण कशामुळे आलं ते समजत नाही आणि पंधरा दिवसांनी तेच दुखणं परत येतं.

आधी लक्षण पक्कं करा

- वायफाय ठीक, पण स्विचला लावलेल्या सगळ्याच उपकरणांचं नेट एकदम जातं: स्विचची वीज, किंवा राउटर ते स्विच ही मुख्य केबल.
- एकाच उपकरणाचं नेट जातं, बाकीची चालतात: त्या उपकरणाची केबल, तो पोर्ट, किंवा खुद्द उपकरण.
- पोर्टचा दिवा लागतो, पण लॅपटॉपचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो: राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही.
- प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा, पण वायरवर स्पीड टेस्ट ९४-९५ च्या वर जात नाही: कुठेतरी जोडणी १०० वर अडकली आहे.
- स्विचचे सगळे दिवे एकदम, न थांबता फडफडतात आणि वायफायसुद्धा मरतं: लूप (केबलचं बंद चक्र), किंवा एखादं उपकरण जाळ्यात कचरा ओततंय.
- नेट चालतं, पण मोबाईलवरून टीव्हीवर कास्ट होत नाही, प्रिंटर दिसत नाही: घरात नकळत दोन वेगळी नेटवर्क झाली आहेत.
- भर दुपारी किंवा अंधार पडल्यावरच बिघाड होतो: उष्णता, किंवा कॅमेऱ्यांना कमी पडणारी वीज.

१. स्विच बाजूला काढून बघा

सगळ्यात आधी फायबरच्या डबीवरचे, म्हणजे ओएनटीवरचे दिवे पाहा. पॉनचा (PON) दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएसचा (LOS) दिवा लाल असेल तर प्रकाशच घरापर्यंत पोचत नाही. मग स्विचचा विचार सोडा आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवा. फायबरचं टोक काढून फुंकर मारणं, फडक्याने पुसणं किंवा त्यात डोकावणं टाळा. त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

दिवे ठीक असतील तर राउटरमधून स्विचकडे जाणारी केबल स्विचच्या टोकाला काढा आणि तीच थेट लॅपटॉपला लावा. नेट आलं तर राउटर, त्याचा पोर्ट आणि ती केबल तिघंही सुटले. दोष स्विचपाशी किंवा त्याच्या पुढे आहे. नाही आलं तर दुसऱ्या चांगल्या केबलने राउटरच्या दुसऱ्या पोर्टावर हेच करा. तरीही नाही आलं तर स्विचला उगाच दोष देत होतो एवढं कळतं. एक पैसा न लागता अर्धा शोध इथेच संपतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

२. वीज आणि अडॅप्टर

स्विचचा पॉवरचा दिवा लागतोय एवढ्यावर समाधान मानू नका. अडॅप्टर जुना झाला की रिकामा असताना मल्टिमीटरवर बरोबर व्होल्ट दाखवतो, पण भार आला की बसतो. मग स्विच क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. खूण सोपी आहे: सगळ्या पोर्टांचे दिवे एकाच क्षणी विझतात आणि एकत्रच परत लागतात. हे दिसलं की केबल तपासत बसू नका, अडॅप्टर बदला.

बदलताना स्विचच्या तळाचं लेबल वाचा. घरगुती स्विच ५, ९ किंवा १२ व्होल्टवर चालतात आणि पिन बऱ्याचदा दिसायला सारखीच असते. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या स्विचला लावला तर स्विच जळू शकतो. पिनचा मधला भाग धन असल्याची खूणही लेबलवर बघून जुळवा.

याच्याच जोडीचा एक प्रकार महाराष्ट्रात फार दिसतो. वीज गेली की मिनी यूपीएसवर राउटर चालू राहतो, वायफाय चालू राहतं, पण टीव्हीचं आणि इन्व्हर्टरवरच्या डेस्कटॉपचं नेट जातं. कारण साधं असतं: स्विच यूपीएसवर नसतो. दोन्ही उपकरणांना बॅकअप द्यायचा असेल तर वेगवेगळ्या व्होल्टचे आउटपुट असलेला यूपीएस घ्या आणि स्विचचा व्होल्ट जुळतोय याची खात्री करूनच वायर खोचा.

३. स्विच योग्य जागी आहे का

बरोबर साखळी अशी: ओएनटी, मग राउटर, राउटरच्या लॅन पोर्टातून स्विच, स्विचमधून उपकरणं. एकाच डबीत ओएनटी आणि राउटर असेल तर त्याच्या लॅन पोर्टातून थेट स्विच. राउटरच्या वॅन (WAN) पोर्टाला, म्हणजे बाहेरचं नेट आत येतं त्या पोर्टाला, स्विच लावायचा नाही. हा पोर्ट बऱ्याचदा निळा असतो, पण रंगावर विसंबू नका, वर छापलेलं नाव वाचा.

ओएनटी आणि राउटर यांच्या मध्ये स्विच घातला आणि ओएनटी ब्रिज मोडमध्ये असला, म्हणजे स्वतः राउटरचं काम न करता नेट फक्त पुढे सोडत असला, तर स्विचवरची उपकरणं थेट कंपनीच्या जाळ्याला जाऊन भिडतात. युजरनेम-पासवर्ड राउटरकडे असतो, त्यामुळे नेट फक्त राउटरला मिळतं आणि स्विचवरची उपकरणं कोरडी राहतात. स्विच कुणालाही आयपी पत्ता देत नाही, तो फक्त डेटा योग्य पोर्टाकडे सोडतो. पत्ते वाटणारा राउटर त्याच्या वरच्या बाजूलाच हवा.

ओएनटी स्वतःच राउटरचं काम करत असेल तर प्रकार आणखी फसवा होतो. स्विचवरच्या टीव्हीला १९२.१६८.१ चा पत्ता मिळतो, तुमच्या राउटरच्या वायफायवरच्या मोबाईलला १९२.१६८.० चा. नेट दोघांनाही असतं, पण मोबाईलला टीव्ही सापडत नाही, कारण दोघं वेगळ्या नेटवर्कमध्ये आहेत. स्विच राउटरच्या मागे नेला की कास्टिंग आणि प्रिंटर दोन्ही सुरळीत होतात.

जुना राउटर वायफाय वाढवायला म्हणून स्विचला जोडलेला असेल तर त्याच्याकडे आधी संशयाने बघा. त्याची पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, चालू राहिली की घरात दोन जण पत्ते वाटतात. ज्या उपकरणाला जुन्या राउटरकडून पत्ता मिळतो त्याचं नेट जातं. रीस्टार्ट केलं आणि नव्या राउटरने आधी उत्तर दिलं की परत येतं. ‘कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीमागे हे कारण पुष्कळदा निघतं. पडताळायला दोन उपकरणांच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवेचा, म्हणजे ते ज्या राउटरमधून बाहेर जातं त्याचा, पत्ता बघा. तो सारखाच हवा. उपाय: जुन्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता बदलून मुख्य राउटरच्या मालिकेतला, पण मोकळा असलेला पत्ता द्या (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२), डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या वॅनऐवजी लॅन पोर्टात लावा.

४. लूप, आणि लूपसारखं दिसणारं दुसरं काही

एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली, किंवा राउटर आणि स्विच यांच्यात दोन केबल लागल्या, की लूप तयार होतो. जाळ्यातल्या सगळ्यांना उद्देशून निघालेला प्रत्येक संदेश त्या चक्रात फिरत राहतो आणि त्याच्या प्रती वाढत जातात. महागड्या स्विचमध्ये हे ओळखून एक वाट बंद करण्याची सोय असते. साध्या घरगुती स्विचमध्ये ती सहसा नसते, म्हणून काही सेकंदांत सगळं घर बंद पडतं.

भिंतीतल्या पोर्टांवर खोल्यांची नावं लिहिलेली नसली की ही चूक हमखास होते: साफसफाईनंतर लोंबणारं टोक कुणीतरी रिकाम्या पोर्टात खोचून टाकतं. वायफाय एक्स्टेंडर किंवा मेशचा डबा हवेतूनही जोडलेला असेल आणि लॅन केबलनेही स्विचला लावलेला असेल, तर काही मॉडेलमध्ये तिथेही लूप होतो.

शोधायची पद्धत एकच आणि ती खात्रीची आहे. स्विचमधल्या सगळ्या केबल काढा, फक्त राउटरची ठेवा. अर्धा मिनिट थांबा, वायफाय परत आलं का बघा. मग एकेक केबल लावा आणि प्रत्येकीनंतर साधारण एक मिनिट थांबा. जिच्यानंतर दिवे फडफडू लागतात, ती गुन्हेगार. तिचं दुसरं टोक हाताने माग काढत शोधा.

लूप कुठेच नाही, तरी सगळं घर अधूनमधून गोठतं, असंही होतं. अशा वेळी लॅपटॉपचं डॉक (लॅपटॉपला एका केबलने लॅन, स्क्रीन वगैरे जोडून देणारा डबा) किंवा यूएसबीचा लॅन अडॅप्टर तपासा. इथरनेटमध्ये ‘जरा थांब, मी भरलोय’ असा एक संदेश असतो. काही डॉकमध्ये दोष असा असतो की लॅपटॉप झोपला किंवा काढून नेला की डॉक हाच संदेश अखंड पाठवत राहतो. साधा स्विच तो इमानाने पाळतो, त्याची साठवणूक भरते आणि शेजारच्या पोर्टांचीही वाहतूक अडते. रात्री लॅपटॉप बंद केल्यावर टीव्हीचं नेट जातं आणि सकाळी लॅपटॉप उघडल्यावर येतं, अशी तक्रार असेल तर डॉकची केबल काढून एक रात्र बघा. तेच कारण निघालं तर डॉकचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर अद्ययावत करा, आणि लॅन कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये फ्लो कंट्रोल, म्हणजे हाच ‘थांब’चा संदेश, बंद करा. सेटिंगने फरक पडत नसेल तर डॉकच बदला. लॅपटॉप झोपलेला किंवा काढून नेलेला असताना त्याच्या सेटिंग डॉकपर्यंत पोचत नाहीत.

५. ९४ चा आकडा आणि केबल

स्पीड टेस्ट ९४-९५ वर येऊन थांबणं हा योगायोग नसतो. १०० एमबीपीएसच्या इथरनेटमधून डेटा पाठवण्याच्या व्यवस्थेत जाणारा भाग वजा जाता हातात एवढंच उरतं. विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंगमधल्या इथरनेटवर ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथे १०० असेल तर कारण तीनपैकी एक:

पहिलं, स्विचच १०० चा आहे. खोक्यावर किंवा तळाला १०/१०० लिहिलेलं असेल तर प्लॅन कितीही मोठा घ्या, एका पोर्टातून तेवढंच मिळणार. आणि राउटरकडची मुख्य जोडणीही १०० चीच असल्याने सगळी उपकरणं मिळून तेवढ्यातच भागवणार. गिगाबिट स्विचवर १०/१००/१००० असतं.

दुसरं, राउटरचा पोर्ट १०० चा आहे. कित्येक ओएनटींमध्ये चारपैकी एकच पोर्ट गिगाबिट असतो. शेजारी जीई लिहिलेला तो गिगाबिट, एफई लिहिलेला तो १०० चा. स्विच गिगाबिट पोर्टालाच लावा. हा बदल फुकट आहे आणि फरक लगेच दिसतो.

तिसरं, केबल. १०० च्या जोडणीला आठपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. गिगाबिटला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली की नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. काही उपकरणांना असं उतरताही येत नाही. ती गिगाबिटचाच प्रयत्न करत राहतात आणि पोर्टचा दिवा लागतो-विझतो. उपाय: कारखान्यात बनलेली एक-दोन मीटरची कॅट ५ई किंवा कॅट ६ पॅच कॉर्ड आणून संशयित केबलच्या जागी लावा. गिगाबिटसाठी कॅट ५ई पुरते. कॅट ८ च्या नावाने विकल्या जाणाऱ्या महाग केबलची घरात गरज नाही.

भिंतीतली लांब केबल असेल तर आधी टोकं बघा. क्लिप तुटलेला कनेक्टर ताबडतोब कापून नवा लावा, कारण तो पंख्याच्या हादऱ्यानेही ढिला होतो. नवीन कनेक्टर लावताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना हाच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ‘दोन्हीकडे सारखा आहे ना, मग झालं’ असं म्हणून जोडीला जोडी लावत सरळ क्रमाने भरलेल्या केबल खूप सापडतात. साध्या लॅन टेस्टरवर त्यांचे आठही दिवे लागतात आणि तरी त्या नीट चालत नाहीत. कारण ३ आणि ६ या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असायला हव्यात. त्या वेगवेगळ्या जोड्यांतून घेतल्या की पीळ देण्यामागचा हेतूच संपतो आणि तारांमधले संकेत एकमेकींत मिसळतात. टेस्टर फक्त तार सलग आहे का ते सांगतो, पीळ बरोबर आहे का ते नाही. टोकाला पीळ सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त सोडवू नका.

तार ब्लेडने हलकेच खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. स्वस्त बंडलात ही सर्रास येते. ती वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर, विशेषतः कॅमेऱ्यांना त्याच केबलने वीज देताना, दगा देते. अशी केबल दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. शुद्ध तांब्याची ओढून घ्या. पॅच कॉर्ड धरून एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

६. लॅपटॉप-डेस्कटॉपच्या सेटिंग

लॅन कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये स्पीड आणि डुप्लेक्स ‘ऑटो’वरच हवं. फुल डुप्लेक्स म्हणजे डेटा एकाच वेळी दोन्हीकडे जातो, हाफ म्हणजे एका वेळी एकाच बाजूने. कुणी ते हाताने ‘१०० फुल’ करून ठेवलं असेल तर स्विचला समोरून वाटाघाटीचं उत्तर मिळत नाही. तो वेग ओळखतो, पण नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरतो. एक बाजू फुल, दुसरी हाफ: पिंग (छोटा चाचणीचा संदेश) ठीक येतो, पण मोठी फाइल घेताना वेग रडतो. थोड्या वेळाने आपोआप तुटणाऱ्या जोडणीसाठी एनर्जी एफिशियंट इथरनेट (वीज वाचवणारी सेटिंग) आणि वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी, या दोन्ही बंद करून एक दिवस बघा.

७. उष्णता, दमट हवा, कॅमेऱ्यांची वीज

घरगुती स्विच साधारणपणे ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. विदर्भ-खानदेशात एप्रिल-मेमध्ये बाहेरचाच पारा त्यावर जातो, आणि स्विच टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात गरम सेट टॉप बॉक्सवर ठेवलेला असतो. त्याला उघड्यावर, भिंतीला टांगा. कोकणात आणि गोव्यात उलट त्रास: दमट खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पितळी रंगाच्या पट्ट्या काळवंडतात किंवा हिरव्या पडतात. केबल काढून परत खोचली की चार दिवस नेट चालतं, हीच त्याची खूण. कनेक्टर कापून नवा लावा. स्विचच्या पोर्टातच गंज असेल तर वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघता येतं, पण ते तात्पुरतं.

केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच असेल आणि कॅमेरे अंधार पडल्यावर एकेक करून बंद होत असतील, तर लेबलवरचे एकूण वॉट बघा. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, मागणी वाढते आणि स्विचची एकूण क्षमता अपुरी पडते. एका पोर्टाला १५.४ वॉट देता येतात म्हणजे आठही पोर्टांना एकदम तेवढे मिळतील असं नाही.

८. आता स्विच बदला

वरचं सगळं झाल्यावरही एकाच पोर्टावर चांगली केबल आणि चांगलं उपकरण चालत नसेल, तर तो पोर्ट मेला. त्यावर चिकटपट्टी लावा आणि शेजारचा वापरा. दोन-तीन पोर्ट गेले किंवा नव्या अडॅप्टरवरही स्विच आपोआप रीस्टार्ट होत असेल तर बदला. नवा घेताना गिगाबिटच घ्या, गरजेपेक्षा दोन पोर्ट जास्त असलेला.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

स्विच किंवा केबलला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर केबल काढण्याआधी घराच्या विजेचा मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला सांगा. विजांच्या पावसानंतर दरवेळी एखादा पोर्ट जातो, तेव्हाही आधी इलेक्ट्रिशियनच. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची किंवा बाहेरून आलेली तांब्याची केबल विजेच्या झटक्याला वाट देत असते; सर्ज प्रोटेक्शन (असा झटका अडवणारं साधन) आणि अर्थिंगशिवाय कितीही स्विच बदलले तरी ते जळत राहतील. लॅन केबल २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच पाइपात असेल तर ती स्वतः ओढू नका. जुन्या तारेचं आवरण सोलवटून लॅनच्या तारेत वीज उतरू शकते.

भिंतीतली केबल मध्येच तुटली असेल, उंदरांनी कुरतडली असेल किंवा टोकं दोनदा नव्याने भरूनही गिगाबिट मिळत नसेल, तर स्ट्रक्चर्ड केबलिंग, म्हणजे इमारतीत नेटवर्कच्या केबल घालण्याचं काम, करणाऱ्याला बोलवा. त्याच्याकडे तार किती मीटरवर तुटली ते दाखवणारा टेस्टर आहे का, हे फोनवरच विचारा.

थेट राउटरला लावलेल्या लॅपटॉपवरही नेट तुटत असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीला तक्रार द्या. ‘स्विच काढून, राउटरला थेट वायर लावून बघितलं’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर मदत केंद्र स्विच काढायला सांगून फोन ठेवेल. सोबत नेट गेल्याच्या वेळा, त्या क्षणी पॉन आणि एलओएस दिव्यांची स्थिती, आणि ओएनटीच्या पानावर दिसत असेल तर येणाऱ्या प्रकाशाची पातळी लिहून ठेवा. जीपॉन प्रकारच्या फायबरवर ती उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजण्याचं एकक) आसपास किंवा त्याहून खाली असेल तर फायबरचा जोड तपासायला तंत्रज्ञ पाठवा असा आग्रह धरा.